ओठ हेमलताचे, आवाज भलतीचा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात, उसासे टाकत सांगावी अशी रीत आहे. जुनी छत्री तशी सांगते, जुना कंदीलही तसाच सांगतो. मला ते जमणार नाही. माझा पंखा घुं घुं करतो, बॅटरी केव्हाच मेली आहे, बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे, पण संताप अजून शाबूत आहे. तो कशाचा आहे ते ऐका, आणि तुमच्या घरात कुणी पहिली नोकरी शोधत असेल तर त्यालाही जवळ बसवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. स्वतःचं पोट मला दिसत नाही, त्यामुळे तो विषय सोडून देऊ. मला जाग आली ती पुण्यात, एका मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत. तिथे माझ्यासारखे ढिगानं होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक नंबर चिकटवलेला होता. त्या वेळी मी झकास होतो. पहिल्यांदा ज्याच्या हाती गेलो तो शेजाऱ्याला म्हणाला होता, "काय पळतो रे हा!" असं कौतुक नंतर फारसं वाट्याला आलं नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जात जात शेवटी मी योगराजच्या टेबलावर आलो.

योगराज चोपड्याकडचा मुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गावाकडे फोन लावला की आवाजात रुबाब. त्याच्या अर्जात तीन वर्षांचा अनुभव लिहिलेला होता. खरं तर तो नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. कुण्या एजंटानं बाजारातून मेथीची जुडी आणावी तसा तो अनुभव त्याला आणून दिला होता.

आता यातली खरी मेख सांगतो. ज्याला तीन वर्षांचा अनुभव आहे त्याला प्रश्न विचारता येत नाही. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी खुशाल म्हणायची, "सर, हे मला नाही कळलं," आणि कुणीतरी खुर्ची ओढून तिला समजावून सांगायचं. योगराजचे कान तिकडे लागलेले असायचे, पण मान वळवायची सोय नव्हती. त्याला येत नाही हे कुणाला कळलं असतं तर तो संपला असता. मग तो खोलीवर गेल्यावर दूरच्या कुणा माणसाला पैसे देऊन माझा ताबा द्यायचा. माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागायचा, कुणी कळ न दाबता अक्षरं उमटायची. माझ्या अंगात परक्याचे हात! योगराज समोर बसून नुसता बघायचा आणि नखं कुरतडायचा. त्याच्यावर चिडावं की त्याची कीव करावी हे मला ठरवता यायचं नाही.

एका दुपारी त्याला आतल्या खोलीत बोलावलं. त्याच्या आधीच्या कंपनीचा पत्ता तपासायला माणूस गेला होता, आणि त्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली होती. योगराजला परत टेबलापाशी येऊ दिलं नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला, तो शिपायानं खाली नेऊन दिला. आणि मला, ज्याचा यात काडीचाही दोष नव्हता, उचलून कपाटात टाकलं.

कपाटात आम्ही विटांसारखे एकावर एक रचलेले होतो. कुणी विचारपूस केली नाही. मग एक दिवस टेम्पो आला, आम्हाला लॉटमध्ये विकून टाकलं, आणि आग्रा रोडनं मी धुळ्याला येऊन पडलो. तिथल्या दुकानदारानं मला स्पिरिटनं पुसलं, पाठीवरचा नंबर खरवडला आणि माझ्यावर 'नव्यासारखा' अशी चिठ्ठी लावली. इतकी वर्षं राबलो त्याचा उल्लेखही नाही! माझा अनुभव लपवला तेव्हाच मी विकला गेलो. पुढे एका मुलीला विकण्यासाठी नसलेला अनुभव चिकटवायला निघालेले लोक मी पाहिले, तेव्हा मला या व्यवहाराची गंमत कळली.

ती मुलगी म्हणजे हेमलता. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव आहे. वडील तेरसिंग पावसाच्या भरवशावर मका आणि थोडा कापूस करतात, उन्हाळ्यात मोह वेचतात, एरवी मिळेल त्या कामाला जातात. मोठा भाऊ धर्मेंद्र शिरपूरला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. हेमलता वसतिगृहात राहून कम्प्युटरचं शिकत होती आणि लॅपटॉप नसल्यानं कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून बसत होती. तेरसिंगनं मका विकला आणि लेकीला घेऊन धुळ्याचं ते दुकान गाठलं. मला हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं केलं, बैल घेताना बघतात तसं बिजागरीपाशी वाकून पाहिलं आणि दुकानदाराला एकच विचारलं, "इमानदार शे ना?" दुकानदार हसला. मला मात्र त्या प्रश्नानं बरं वाटलं. आजवर कुणी मला तसं विचारलं नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात चांगली. हेमलतानं मला टॉवेलात गुंडाळून एसटीनं नेलं आणि शिरपूर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. सुरुवातीला तिच्याकडून चुकांमागून चुका व्हायच्या. माझ्या पडद्यावर लाल ओळी झळकायच्या, ती त्या ओठांतल्या ओठांत वाचायची, शब्दकोश उघडायची, पुन्हा लिहायची. वसतिगृहातल्या मुली सारख्या विचारायच्या की वरच्या गावांची गाडी किती वाजता आहे. म्हणून तिनं एसटीच्या वेळा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम केला. पहिल्या पावसाळ्यात तो साफ खोटा ठरला, कारण नाल्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते आणि हे वेळापत्रकाला माहीत नसतं. मुलींनी तिची यथेच्छ टिंगल केली. मग तिनं त्यात 'नाल्यापर्यंतच' असा एक पर्याय घातला. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेले मोठमोठे प्रोग्रॅम मी पुण्यात पाहिले होते. हा लहान होता, पण त्यातली ओळ न् ओळ तिची होती.

परीक्षा झाल्या, निकाल लागला आणि नोकरी शोधणं सुरू झालं. इथून माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

जाहिराती माझ्याच पडद्यावर उघडायच्या ना! 'ज्युनिअर डेव्हलपर पाहिजे. फ्रेशर चालेल. अनुभव किमान दोन वर्षे.' हे लिहिणाऱ्याला कुणी शाळेत घातलं होतं की नाही? नवरी पाहिजे, वय अठरा, सून सांभाळण्याचा अनुभव आवश्यक, असं कुणी छापलं तर गाव हसेल. इथे कुणी हसत नाही. पोरं मान खाली घालून अर्ज भरतात. हेमलतानं असे कितीतरी अर्ज भरले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न देणं याला आता कुणी उद्धटपणाही म्हणत नाही.

एक उत्तर आलं ते जळगावहून. दाणा बाजारात प्रकाशचंद यांचं डाळींचं दुकान आहे. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या खानदेशात. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा मुलगा अखिल बाजार समित्या आणि अडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्याची बायको रुची त्याच्या बरोबरीनं कोड लिहिते, आणखी चार-पाच जण आहेत. हेमलता मला घेऊन धर्मेंद्रबरोबर तिथे गेली. जोडे खाली काढायचे, जिना चढायचा, वर एकसारख्या नसलेल्या खुर्च्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. माझं पुण्यात गेलेलं तारुण्य आठवून मी नाक मुरडलं, हे खरं आहे.

अखिलनं तिचा एसटीचा प्रोग्रॅम पाहिला आणि विचारलं, "यात सगळ्यात मोठी चूक कुठली झाली होती?" हेमलता बावरली. मग तिनं नाल्याची गोष्ट सांगितली. रुची मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे याच्याहून भारी चुका आहेत, ये तू."

मग अखिलनं अटी सांगितल्या. पगार पुण्यापेक्षा कमी. प्रकाशचंदांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवायची रीत, म्हणून ऑफिसही दिवस मावळायच्या आत बंद. आणि नवीन येणाऱ्यानं पहिले काही आठवडे कोड लिहायचा नाही, जामनेरच्या मार्केट यार्डात जाऊन बसायचं. "आमचं सॉफ्टवेअर जिथे चालतं ती जागा आधी बघायची," अखिल म्हणाला. "वडिलांचा नियम आहे. मीसुद्धा बसलोय. शनिवारपर्यंत कळवा."

शिरपूरच्या खोलीवर परत आल्यावर धर्मेंद्र फुटला. रागात तो अहिराणीवर आला. "बापनी पोता उचलात, मी बी उचली राहिनू. तू इतली शिकीसन परत पोतासजोडेच बसशी का?"

त्याचा राग मला समजत होता. त्याच्या खांद्यांवर गाठींचे वळ आहेत. बहीण शिकून एसी ऑफिसात बसेल, या एका आशेवर त्यानं ते वळ सोसले. पण रागावलेल्या माणसाला गाठणारे लोक जगात टपून बसलेले असतात. धर्मेंद्र तिला घेऊन धुळ्याला रुपचंद सरांकडे गेला.

हे रुपचंद सर कसले क्लास घेतात ते पाटीवरून कळत नाही. पाटीवर 'शंभर टक्के प्लेसमेंट' एवढंच आहे. त्यांनी हेमलताचा अर्ज वाचला आणि हातानं बाजूला सारला. "फ्रेशर म्हणून गेलीस तर म्हातारी होशील. आपण तीन वर्षांचा अनुभव टाकू. पुण्याची कंपनी आहे, मुलाखत ऑनलाइन. उत्तरं आमची मॅडम देईल, तू फक्त तोंड हलव."

हेमलताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"बोलायचं नाही. ओठ हलवायचे. सगळे असंच करतात. तू एकटीच हरिश्चंद्राची नात लागून गेलीस का?"

मित्रांनो, तीन वर्षांचा अनुभव! पुन्हा तीनच वर्षं! त्या क्षणी मला वाचा असती तर मी योगराजचं नाव घेऊन ओरडलो असतो. पिठाची गिरणी, शिपायानं खाली नेऊन दिलेला डबा, कुरतडलेली नखं, सगळं सांगितलं असतं. पण आम्हा वस्तूंचं नशीबच असं की सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं आणि तोंड मिटून पडून राहावं लागतं. मी फक्त गरम झालो. हेमलताला वाटलं पंख्यात धूळ गेली असेल. तिनं फुंकर मारली.

तिला हे पटलं नव्हतं, ते तिच्या बोटांवरून मला कळत होतं. पण घरचं ओझं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एका बाजूला पुणे, मोठा पगार, भावाच्या खांद्याला विसावा. दुसऱ्या बाजूला जामनेरचं यार्ड. "एकदा आत शिरलीस की शिकून घेशील," धर्मेंद्र म्हणत राहिला, आणि ती शेवटी हो म्हणाली.

मग सराव सुरू झाला. तो सराव पाहून माझा तिळपापड झाला. रुपचंद सर सांगत, "आवाज यायच्या आधी थोडा श्वास घे. वाक्य संपलं की मान हलव. मधेच 'अॅक्च्युअली'साठी ओठ गोल कर." ज्या ओठांनी ती माझ्यावरच्या लाल ओळी वाचत शिकली, त्या ओठांना आता मुकेपणाचं नाटक शिकवत होते. याला ते ट्रेनिंग म्हणत आणि त्याची फीसुद्धा घेत!

मुलाखतीचा दिवस उजाडला. गावात नेटवर्क टिकत नाही, म्हणून धर्मेंद्रच्या शिरपूरच्या खोलीवरच सगळं मांडलं. त्या दिवशी तेरसिंग आणि सुगंधाबाई बाजाराला आले होते, तेही दाराशी येऊन बसले. लेकीला मोठी नोकरी लागताना बघायचं होतं त्यांना. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. रुपचंद सर स्वतः हजर होते. त्यांनी माझ्या पाठीला रबरबँडनं एक मोबाइल बांधला. त्या मोबाइलमधून कुठल्या तरी मोठ्या शहरातली ती मॅडम बोलणार होती. मग त्यांनी बोटावर खोबरेल घेतलं आणि माझ्या कॅमेऱ्यावर फिरवलं, म्हणजे समोरच्याला ओठ धूसर दिसावेत. डोळ्यात तेल घालून पहारा करतात हे मी ऐकलं होतं. कुणाला नीट दिसूच नये म्हणून डोळ्यात तेल घातलेलं तेव्हा पाहिलं. तेही माझ्याच डोळ्यात!

पडद्यावर मुलाखत घेणारे साहेब आले. चष्मा, पिकायला लागलेले केस, शांत आवाज. त्यांनी नाव विचारलं. माझ्या पाठीमागून मॅडमचा गुळगुळीत आवाज आला, "माय नेम इज हेमलता पावरा," आणि समोर हेमलताचे ओठ हलले. स्वतःचं नावसुद्धा त्या पोरीला स्वतः सांगू दिलं नाही. मग प्रश्न येत गेले, मॅडम फाडफाड इंग्रजीत उत्तरं देत गेली. डेटाबेस झाला, सर्व्हर झाला, जिथे ती कधी गेलीच नाही अशा कंपनीतली कामगिरी झाली. साहेब मान डोलावत होते. रुपचंद सरांनी धर्मेंद्रला अंगठा दाखवला.

दाराशी बसलेले तेरसिंग मात्र अस्वस्थ झाले. न राहवून त्यांनी हळूच विचारलं, "हेमा, तोंड तुन्हं हाली राहिनं, पन आवाज कोनना शे?"

रुपचंद सरांनी त्यांना डोळे वटारून गप्प केलं. हेमलतानं वडिलांकडे पाहिलं नाही, पण तिचे ओठ त्या वाक्याला मागे पडले.

तेवढ्यात साहेबांनी तिचा अर्ज खाली सरकवला. पत्त्यावर त्यांची नजर गेली आणि चेहराच बदलला. ते हसले. म्हणाले, "अरे, शिरपूरनी शे का तू? मी अमळनेरना. जेवण व्हयनं का?"

मॅडमनं जगातल्या सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, पण खानदेशी माणूस दुसरा खानदेशी भेटला की पहिल्यांदा काय विचारतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रुपचंद सरही धुळ्यात राहून हे विसरले. मोबाइलमधून नुसतं "हॅलो? हॅलो?" आलं. पाठोपाठ सरांची कुजबुज, "नेटवर्क गेलं असं दाखव. बंद कर, बंद कर!"

आणि ते सहज पटलं असतं. आमच्याकडे नेटवर्क गेलं म्हटलं तर कुणीही शंका घेत नाही. हेमलतानं माझ्यावर बोट ठेवलं असतं, पडदा काळा झाला असता, थोड्या वेळानं पुन्हा मुलाखत जुळली असती आणि कदाचित नोकरीही मिळाली असती. तिचं बोट त्या कळेवर आलंही होतं. मी तुम्हाला खरं सांगतो, त्या बोटाखाली माझा जीव अडकला होता.

तिनं बोट काढून घेतलं.

"नही सर, जेवण नही व्हयनं," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा निघाला, इतका वेळ तो वापरलाच नव्हता. मग ती साध्या मराठीत बोलली. "आणि सर, मघापासून तुम्ही ऐकत होतात तो आवाज माझा नाही. मला तीन वर्षांचा अनुभवही नाही. मी आत्ताच पास झाले. मला जे येतं ते मी सांगू शकते, पण तेवढं सगळं मला येत नाही."

साहेबांचं हसू विरलं. तुम्हाला वाटेल, त्यांनी शाबासकी दिली असेल, खरं बोलल्याबद्दल नोकरी देऊ केली असेल. तसं काही झालं नाही. "या जागेसाठी आपण इथेच थांबू," एवढं त्यांनी कोरडेपणानं सांगितलं आणि पडदा बंद झाला. याचाही मला राग आहे. खोटं बोलणारी मॅडम त्यांना इतका वेळ पटत होती. ही खरं बोलल्यावर त्यांच्या तोंडून दोन बरे शब्द निघू नयेत?

रुपचंद सरांनी माझ्या पाठीवरचा मोबाइल हिसकून काढला. "मूर्ख पोरगी! हातातलं सोनं मातीत घातलं. आता बस त्या यार्डात धूळ खात!" धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. सर तणतणत जिना उतरून गेले, तरी तो हलला नाही.

सुगंधाबाई उठल्या. "पोरनं तोंड सुकी गयं. पहिले पानी दे तिले," त्या मुलाला म्हणाल्या. धर्मेंद्रनं गुपचूप तांब्या भरून आणला. हेमलताला वाटत होतं, आता वडील काहीतरी बोलतील. मका विकून आणलेला लॅपटॉप, वसतिगृहाची वर्षं, सगळ्याचा हिशेब मागतील. तेरसिंग तिच्याजवळ आले, खाली बसले आणि म्हणाले, "आते तू बोलनी. आते माले समजनं."

हेमलता रडली. खूप रडली. मग तिनं डोळे पुसले आणि ओढणीच्या त्याच टोकानं माझ्या कॅमेऱ्यावरचं खोबरेलही पुसलं. शनिवार अजून यायचा होता; तिनं लगेच अखिलला फोन लावला आणि येते म्हणून कळवलं. ही नोकरी नाइलाजानं घेतली असं गावात बोलतात, ते साफ खोटं आहे. नेटवर्क गेल्याचा बहाणा तिच्या बोटाखाली होता. तिनं तो घेतला नाही, तिथेच तिनं नोकरी निवडली.

गाववाल्यांनी जीभ सैल सोडली. "इंजिनेर व्हयनी आनि जामनेरले बसनी," हे तर रोजचं झालं. कुणी म्हणालं, दिवस मावळायला बंद होतं ते कसलं सॉफ्टवेअरचं ऑफिस, किराणा दुकान असेल. बोला बापांनो, बोला. पुण्याच्या खोलीवर नखं कुरतडत बसणारा मुलगा तुम्ही पाहिलेला नाही, मी पाहिला आहे.

जामनेरच्या यार्डाबद्दल मला स्वतःला तक्रार आहे, ती वेगळी. मक्याचा भुसा माझ्या पंख्यात गेला आणि कापसाचे तंतू कळांखाली. पण हेमलता तिथे बसून सगळं बघत राहिली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी वजन भरायचं आणि मग ओलावा. यार्डात मात्र मक्यात आधी ओलावा बघतात, वजनकाट्यावर माल नंतर जातो, त्यामुळे लिहिणारा माणूस दरवेळी मागे-पुढे करत बसायचा. आठवडाभर तिनं ते पाहिलं आणि ऑफिसात येऊन सांगितलं. अखिल म्हणाला, "मग हे तूच बदल."

आणि मग तो क्षण आला ज्याची मला योगराजच्या टेबलापासून धास्ती होती. खुर्च्या एकसारख्या नसलेल्या त्या खोलीत सगळ्यांसमोर अखिलनं विचारलं, "बदल करण्याआधी जुन्या डेटाची प्रत काढून ठेवावी लागेल. येतं ना तुला?"

माझा पंखा थांबला.

"नाही येत," हेमलता म्हणाली.

कुणी हसलं नाही. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. रुचीनं आपली खुर्ची उचलून आमच्या टेबलाशी आणली आणि म्हणाली, "सरक थोडी. हे बघ." तिनं दाखवलं. हेमलतानं पाहिलं आणि म्हणाली, "भाभी, पुन्हा एकदा दाखवता?" रुचीनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्या वेळी हेमलताची बोटं माझ्यावर चालत होती आणि रुची नुसती बघत होती. इतकी वर्षं झाली मला, इतके हात माझ्यावरून गेले. 'नाही येत' हे दोन शब्द मी योगराजच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते त्याला बोलता आले असते तर आज तो कुठे असता!

मित्रांनो, जुन्या वस्तूनं शेवटी काही मागायचं असतं. मला धुळीपासून जपा, चहा सांडू नका, हे तर मी मागतोच. पण त्याआधी दुसरं मागतो. तुमच्या घरातलं पोर पहिली नोकरी निवडायला बसेल, तेव्हा ऑफिसला काच आहे की पत्रा, शहर कुठलं, शेजारी काय म्हणतील, हे त्याच्या कानाशी बडबडू नका. आणि पोरांनो, तुम्ही पगार विचारा, सुट्टी विचारा, लाजू नका. पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून एक प्रश्न विचारायला विसरू नका: मला आलं नाही, तर मला शिकवणार कोण?

उत्तरादाखल कुणी माणसाचं नाव घेतलं तर थांबा. समोरचा नुसताच हसला, किंवा म्हणाला की येत नाही असं बोलायचंच नसतं, तर उठा तिथून. उठताना आपला लॅपटॉप नीट मिटून बरोबर घ्या. त्यानं सगळं ऐकलेलं असतं.